एकाच पगारात घर: महिन्याचा हिशेब जुळतो, मग पैसे जातात कुठे?

"पगार एकच, आणि वीस तारखेनंतर हातात काही उरत नाही. आमचं चुकतंय कुठे?" हा प्रश्न घेऊन आलेल्या एका जोडप्याची ही हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. पिंपरी-चिंचवडला भाड्याचं घर, तो कंपनीत सुपरवायझर, मुलगी पहिलीत. बाळंतपणानंतर तिची नोकरी सुटली. त्याचं म्हणणं, हिचा हात सैल आहे. तिने उत्तर देणंच सोडलं होतं. भाजीला दोनशे मागायचे तरी त्याचा चहा होईपर्यंत थांबायची.

आधी महिन्याचा कागद मांडला. हातात येणारा पगार 38,000. भाडं 11,000, किराणा-गॅस 7,500, दूध-भाजी 5,000, वीज-मोबाइल-इंटरनेट 2,000, पेट्रोल 2,500, गाडीचा हप्ता 3,200, गावी आईवडिलांना 3,000. बेरीज 34,200. उरतात 3,800, पण त्यातले 2,400 क्रेडिट कार्डाच्या 'मिनिमम ड्यू'ला, म्हणजे दरमहा भरावीच लागणाऱ्या किमान रकमेला जात होते. कार्डावर 48,000 थकले होते.

मग वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांचा कागद. शाळेची फी 24,000, पुस्तकं-गणवेश 6,000, आयुर्विम्याचा हप्ता 12,500, गाडीचा विमा 1,500, गणपती-दिवाळी आणि गावी जाणं 16,000, दवाखाना 6,000. एकूण 66,000, म्हणजे महिन्याला 5,500. भोक इथे होतं. कार्डाचे 2,400 बाजूला ठेवले, तरी 3,800 मधून 5,500 भागत नाहीत. दरमहा 1,700 ची तूट, आणि ती जूनमध्ये आणि दिवाळीत कार्डावर चढायची. भाजीवरून होणाऱ्या भांडणाचा या तुटीशी काडीचा संबंध नव्हता. हे दोघांसमोर, आकडे दाखवून बोललं गेलंच पाहिजे.

कार्डाचं गणित फार वाईट असतं. महिना 3.5 टक्क्यांनी 48,000 वर व्याज 1,680, त्यावर 18 टक्के जीएसटी 302. भरलेल्या 2,400 मधून मुद्दल घटतं जेमतेम 418. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

तिने स्वतः तयारी दाखवली म्हणूनच बांगड्यांवर बँकेचं सोनेतारण कर्ज घेतलं आणि कार्ड एकरकमी फेडून बंद केलं. वर्षाला 10 टक्क्यांनी व्याज महिना 400. मुद्दलासाठी दिवाळीचा बोनस, आणि चार महिन्यांनी गाडीचा हप्ता संपला की तेच 3,200.

आता 1,700 आणि व्याजाचे 400, असे 2,100 काढायचे होते. घरचं ब्रॉडबँड बंद, 600. सहकाऱ्यासोबत आळीपाळीने एकाच गाडीवर, 1,000. सणांचा खर्च 16,000 वरून 10,000 वर, म्हणजे महिना 500. गावच्या 3,000 ला हात लावला नाही. तिथे कात्री लावली की पैसे थोडे वाचतात आणि कटुता मोठी येते.

एक तारखेला किराणा, दूध, भाजीचे 12,500 थेट तिच्या खात्यात. वार्षिक खर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत, यूपीआय न जोडलेल्या खात्यात. पगाराच्याच खात्यात ठेवले तर ते शिल्लक दिसतात आणि महिनाअखेरीस उचलले जातात.

सुरुवात जुलैत करावी, म्हणजे पुढच्या जूनच्या फीला पूर्ण वर्ष मिळतं. मध्येच सुरू केलं तर पहिल्या वर्षी रक्कम कमी पडणार हे धरून चालायचं, आणि मार्च-एप्रिलमध्येच शाळेत जाऊन फीचे हप्ते मागायचे.