बदलीच्या गावात नमुना ८ वरचं माळवदाचं घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं?

प्रश्नातली माहिती अशी: लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात नोकरी, मुक्काम चार-पाच वर्षांचा. चार खणांचं माळवद (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर) ८ लाखांना मिळतंय, कागद फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंद. तसंच घर भाड्याने ३,५०० ला आहे.

भाड्याने राहा. भाड्याचे वर्षाला ४२,००० होतात. ८ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ६८,००० च्या आसपास जातं, मुद्रांक शुल्क आणि डागडुजी वेगळीच. शिवाय बदली झाल्यावर गिऱ्हाईक कुठून आणणार? २०११ च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागात ९४.७ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात होती, भाड्याने जेमतेम ३.४ टक्के. जिथे खरेदी-विक्रीच तुरळक, तिथे भाव ठरलेला नसतो. ८ लाख हा मालकाचा आकडा आहे. घासाघीस भरपूर होते, आणि भाड्यातही होते.

तरीही घ्यायचंच असेल तर आधी कागद बघा. नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गायरानावरच्या अतिक्रमित घरालाही ती लागते, कारण ग्रामपंचायतीला कर हवा असतो. (तलाठ्याकडचा ८अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. नाव सारखं असल्याने लोक तोच घेऊन येतात.) तुम्हाला हवी ती मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून ती दिली जाते. गावाची मोजणी झाली का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. पत्रिका निघाली असेल तर सत्ताप्रकाराचा, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे तो रकाना नीट वाचा. तिथे जागा सरकारची किंवा ग्रामपंचायतीची दिसली तर विषय तिथेच सोडा. घर गावठाणाबाहेर, शेतातल्या गुंठ्यावर असेल तर शेतजमिनीचा अकृषिक वापर आणि तुकडेबंदी (शेताचे फार लहान तुकडे विकण्यावरची बंधनं) हे आणखी दोन प्रश्न येतात.

नमुना ८ वरची लांबी-रुंदी आणि चतुःसीमा जागेवर टेप धरून ताडून पाहा. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, ते प्रत्येक घरात वेगळं. खणांच्या हिशेबाने भाव ठरवू नका. बोळ सामायिक आहे का, छतावरचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, हे शेजाऱ्यालाच विचारा. पुढचं भांडण तिथूनच उठतं.

व्यवहार सर्वाधिक अडतो तो वारसांवर. उतारा वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि विकणारा थोरला मुलगा, हे नेहमीचं चित्र. आधी वारस नोंद करून घ्या. हिंदू कुटुंब असेल तर लग्न झालेल्या बहिणींचाही हिस्सा असतो. त्यांच्या सह्या खरेदीखतावर घ्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. ‘बहीण काही म्हणणार नाही’ यावर पैसे मोजू नयेत. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर मालकी बदलत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. तिथेच या घराच्या मागच्या तीस वर्षांतल्या व्यवहारांच्या नोंदी शोधा. नुसत्या नमुना ८ वर बऱ्याच बँका कर्जाला नाही म्हणतात. दिलं तरी मूल्यांकनात जुन्या मातीच्या बांधकामाची किंमत फारशी धरत नाहीत.

आता घराचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं मुख्यतः अशाच घरांखाली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, आतली नि बाहेरची बाजू एकमेकींत न बांधलेली, आणि वर मातीचा प्रचंड भार. भिंतीला पोट सुटलं आहे का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, ते पाहा. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोचणीने टोचा. गळतीचं पाणी तिथे मुरतं, म्हणून कूज आणि वाळवी आधी तिथेच लागते. माती उतरवून पत्रा टाकला तर भार कमी होतो, पण भिंतींच्या माथ्यावरून चारी बाजूंनी सलग पट्टा बांधल्याशिवाय घर भरवशाचं नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नव्याने केलेला दिसला तर जास्त सावध व्हा. ओल आत कोंडते, गिलावा पापुद्रे धरून सुटतो, आणि बहुधा काहीतरी झाकायलाच तो केलेला असतो.

भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच करा. नोंदणी मालकाची जबाबदारी, पण खेड्यात मालक बिचकतात. शुल्क फार नाही: एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक (अनामत दिली तर त्यावर थोडं जास्त) आणि ग्रामीण भागात ५०० रुपये नोंदणी फी. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहण्याचा पुरावा म्हणूनही हा करार कामी येतो. करारात विजेच्या मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग लिहा, आणि मागची थकबाकी मालकाने भरायची हेही लिहा. घरपट्टी-पाणीपट्टी कळत नकळत भाडेकरूच्या गळ्यात पडते, म्हणून ती कुणी भरायची तीही ओळ घालून घ्या.