वाचकांचे प्रश्न : चिनी लिपीतील दुर्मीळ अक्षरे

प्रश्न : चिनी लिपीत नक्की किती अक्षरे आहेत? कुठे आठ हजार, कुठे पन्नास हजार, तर कुठे लाखाच्या जवळ जाणारा आकडा वाचायला मिळतो. सर्वांत जास्त रेषांचे अक्षर कोणते? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दिलेले आकडे एकमेकांना खोडून काढत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. शू शन या विद्वानाने इ.स. १०० मध्ये ‘श्वोवन च्येझ’ हा अक्षरकोश पुरा केला. त्यात ९,३५३ अक्षरे ५४० वर्गांत लावलेली होती आणि त्यांशिवाय १,१६३ रूपभेद, म्हणजे त्याच अक्षरांच्या वेगळ्या घडणी, नोंदवलेले होते. सम्राट खांगशीच्या आज्ञेने तयार झालेला कोश १७१६ साली पूर्ण झाला, तेव्हा ही संख्या ४७,०३५ पर्यंत गेली. १९९४ मध्ये निघालेल्या ‘चोंगह्वा झहाय’ या कोशात ती ८५,५६८ आहे. उलट चीन सरकारने २०१३ साली जाहीर केलेल्या प्रमाण अक्षरांच्या यादीत फक्त ८,१०५ अक्षरे आहेत, आणि त्यांतली पहिली ३,५०० शालेय शिक्षणाला व रोजच्या व्यवहाराला पुरेशी मानली जातात.

कोशांची ही वाढ बोलण्यातले शब्द वाढल्यामुळे झाली, असा समज होतो. तो बरोबर नाही. प्रत्येक कोशकाराने आधीच्या कोशातले सारे जपले, त्यात शिलालेखांतली, हस्तलिखितांतली, स्थलनामांतली आणि धर्मग्रंथांतली रूपे मिसळली, आणि एकदा आत आलेले अक्षर सहसा कोणी बाहेर काढले नाही. त्यामुळे मोठ्या कोशांत ‘अर्थ अज्ञात’ किंवा ‘उच्चार अनिश्चित’ अशा शेऱ्यांच्या नोंदीही आढळतात. एखादे अक्षर कोशात आहे म्हणून ते कधीकाळी प्रचारात होते, असे मानता येत नाही. ते कोणी, कुठे आणि कशासाठी लिहिले हे शोधावे लागते, आणि माझ्या मते दुर्मीळ अक्षरांच्या अभ्यासातला खरा आनंद याच शोधात आहे.

सर्वाधिक रेषांच्या अक्षराबाबत हाच भेद उपयोगी पडतो. ‘ड्रॅगन’ या अर्थाचे जुन्या पद्धतीचे अक्षर १६ रेषांचे असते. ते चार वेळा लिहून बनवलेले, ‘फार बोलणे’ अशा अर्थाचे, ६४ रेषांचे अक्षर कोशांत मिळते, पण कोशांबाहेर ते जवळजवळ सापडत नाही. तीन ड्रॅगनांचे, ४८ रेषांचे ‘ता’ हे अक्षर ड्रॅगनच्या उड्डाणाचे वर्णन करते. तेही असेच विस्मरणात गेलेले होते. परंतु २०२४ या ड्रॅगन-वर्षात चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने वसंतोत्सवाच्या कार्यक्रमाच्या घोषवाक्यात ते घेतले आणि ते एकाएकी घरोघरी पोचले. शेन्शी प्रांतातल्या रुंद पट्ट्यांच्या ‘ब्यांगब्यांग’ शेवयांच्या नावातल्या अक्षराची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. घोडा, हृदय, सुरी, वाणी अशा अनेक घटकांनी बनलेल्या या अक्षरात मोजण्याच्या पद्धतीनुसार ५६ ते ५८ रेषा भरतात. खांगशी कोशात ते नाही, तरी प्रांताची राजधानी शीआन येथल्या खाणावळींच्या पाट्यांवर ते दिसते आणि त्याचे घटक लक्षात ठेवण्यासाठी लोकांनी पद्यही रचलेले आहे. संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत त्याला २०२० साली स्थान मिळाले. कोशाचा आधार नसताना केवळ लोकांच्या वापराने जगलेले असे अक्षर मला ६४ रेषांच्या अक्षरापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

प्रश्न : एकाच चिनी अक्षराची अनेक रूपे असतात, म्हणजे नेमके काय? त्यांतले ‘खरे’ रूप कोणते मानावे? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : उच्चार आणि अर्थ तोच, पण घडण वेगळी, अशा अक्षरांना रूपभेद म्हणतात. कधी घटकांची जागा बदलते, कधी उच्चार सुचवणारा घटक बदलतो, तर कधी अर्थ सुचवणारा. छापखाने आणि शाळा यांच्या सोयीसाठी चीनमध्ये १९५५ साली अशा रूपभेदांचे ८१० गट करून प्रत्येक गटातले एक रूप प्रमाण ठरवण्यात आले आणि बाकीची रूपे वापरातून काढण्यात आली. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता, परंतु समानार्थी म्हणून वगळलेली काही रूपे पूर्णपणे समानार्थी नव्हती.

चीनचे माजी पंतप्रधान चू रोंगची यांच्या नावातले मधले अक्षर हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यात डावीकडे ‘धातू’चा घटक आहे. डावीकडे ‘अग्नी’चा घटक असलेले, ‘वितळवणे’ या अर्थाचे अक्षर प्रमाण ठरल्यामुळे धातूचे रूप मागे पडले, आणि १९८० च्या संगणकीय संकेतात ज्या ६,७६३ अक्षरांना जागा मिळाली त्यांतही ते नव्हते. देशाच्या नेत्याचे नाव अचूक छापणे ही मग एक अडचणच होऊन बसली. कुठे अग्नीचे अक्षर घातले जाई, तर कुठे दोन घटक सुटे करून शेजारी शेजारी छापले जात. अखेर १९९३ मध्ये भाषाविषयक सरकारी समितीने धातूचे रूप पुन्हा मान्य केले, कारण ओतकामाचा साचा असा त्याचा स्वतंत्र अर्थही होता. म्हणून ‘खरे रूप कोणते’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. शाळेच्या वहीत प्रमाण रूपच लिहावे. मात्र माणसाच्या नावात त्याचे स्वतःचे रूप राखले पाहिजे आणि जुन्या ग्रंथाची आवृत्ती काढताना मुळातले रूप नोंदवलेच पाहिजे.

प्रश्न : पूर्व आशियातील बौद्ध मूर्तींच्या छातीवर स्वस्तिक दिसते. ते चिनी लिपीतले अक्षरही आहे, असे ऐकले. हे खरे आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होय, खरे आहे. स्वस्तिक बौद्ध धर्माबरोबर मंगलचिन्ह म्हणून चीनमध्ये पोचले. बौद्ध परंपरेतल्या नोंदीनुसार इ.स. ६९३ मध्ये सम्राज्ञी वू झेतियान हिने त्याचा उच्चार ‘वान’ असा ठरवून दिला. ‘दहा हजार’ या अर्थाच्या अक्षराचा उच्चारही हाच आहे, आणि त्यातून सर्व शुभलक्षणांचा संचय ही कल्पना सूचित होते. अशा रीतीने चिन्हाला उच्चार मिळाला आणि ते अक्षरकोशांत दाखल झाले. आपल्याकडे उंबऱ्यावर किंवा वहीच्या पहिल्या पानावर काढतात त्याच्या उलट वळणाचे रूप तिकडे अधिक प्रचलित आहे, परंतु दोन्ही वळणांची रूपे अक्षरे म्हणून संगणकीय संकेतात नोंदलेली आहेत. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची जागा दाखवण्यासाठी हेच चिन्ह वापरतात.

या सम्राज्ञीचा उल्लेख आला आहे, तर तिच्या अक्षरांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य होईल. चीनच्या इतिहासात सम्राटाचे पद स्वतःच्या नावाने धारण करणारी ही एकमेव स्त्री. तिने ६९० ते ७०५ या काळात राज्य केले, आणि राज्यारोहणाच्या सुमारास काही नवी अक्षरे जारी केली. स्वतःच्या ‘झाओ’ या नावासाठी योजलेल्या अक्षरात वर सूर्य आणि चंद्र असून खाली आकाश किंवा शून्य या अर्थाचे अक्षर आहे. ‘पृथ्वी’साठी पर्वत, पाणी आणि माती ही तीन अक्षरे एकाखाली एक रचली गेली. ‘मनुष्य’ या अर्थी ‘एक’ आणि ‘जीवन’ यांचा संयोग, तर ‘सेवक’ किंवा ‘मंत्री’ या अर्थी ‘एक’ आणि ‘निष्ठा’ यांचा संयोग ठरला. ‘तारा’ हे अक्षर केवळ एका वर्तुळाने लिहायचे होते. राजसत्तेला लिपीतून काय सांगायचे होते, हे इतक्या उघडपणे दाखवणारी उदाहरणे जगाच्या इतिहासात थोडीच असतील.

‘देश’ या अक्षराची कथा विशेष आहे. चौकटीच्या आत काहीतरी लिहून हे अक्षर बनते. आधी चौकटीत सम्राज्ञीच्या घराण्याचे ‘वू’ हे नाव घालावे असे सुचवले गेले, परंतु चौकटीत माणूस लिहिला की ‘कैदी’ हे अक्षर होते आणि त्यामुळे हा अपशकुन ठरेल, असा आक्षेप निघाला. मग आत ‘आठ दिशा’ ही दोन अक्षरे घातली गेली, असे सांगितले जाते. सम्राज्ञीच्या पदच्युतीनंतर ही सारी अक्षरे मागे घेण्यात आली, तरी ‘देश’चे हे रूप जपानमध्ये टिकले. मितोचा सरंजामदार तोकुगावा मित्सुकुनी (१६२८-१७०१) याच्या नावाचे शेवटचे अक्षर हेच आहे, आणि म्हणून जपानी वाचकाला ते आजही ओळखता येते.

इतक्या थोड्या काळासाठी वापरात असल्यामुळे ही अक्षरे इतिहासकारांना कालनिर्णयासाठी फार उपयोगी पडतात. दक्षिण कोरियातल्या बुल्गुक्सा मंदिराच्या दगडी स्तूपात १९६६ साली एक धारणीसूत्र, म्हणजे मंत्रपाठाचा बौद्ध ग्रंथ, सापडले. लाकडी ठशांनी छापलेल्या, जगात उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या मजकुरांत त्याची गणना होते. ते आठव्या शतकाच्या पूर्वार्धातले असावे, असे ठरवताना त्यात आलेली सम्राज्ञीची अक्षरे हा एक महत्त्वाचा पुरावा मानला गेला.

प्रश्न : युआन श्वांग महाराष्ट्रात आला होता, हे शाळेत शिकलो. त्याने ‘महाराष्ट्र’ हे नाव चिनी लिपीत कसे लिहिले असेल? त्या अक्षरांना काही अर्थ आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : युआन श्वांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, इ.स. ६४१ च्या सुमारास, येथे आला, आणि ६४६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या देशाचे नाव चार अक्षरांत लिहिलेले आहे. आजच्या उच्चाराप्रमाणे ती ‘मो-हो-ला-छा’ अशी वाचली जातात. सुटा अर्थ पाहिला तर पहिल्याचा ‘चोळणे’, दुसऱ्याचा ‘दरडावणे’, तिसऱ्याचा ‘विपरीत’ आणि चौथ्याचा ‘खिन्न’ असा काहीसा होतो. पण येथे अर्थ मुळीच विचारात घ्यायचा नाही. ही अक्षरे फक्त उच्चारासाठी घेतली आहेत, आणि म्हणून त्यांचा आजचा उच्चार बाजूला ठेवून थांग राजघराण्याच्या, म्हणजे युआन श्वांगच्याच, काळातला उच्चार पाहिला पाहिजे.

त्या काळी पहिली दोन अक्षरे ‘म-हा’ अशी ऐकू येत. तिसऱ्या अक्षराच्या शेवटी ‘ट’सारखे बंद व्यंजन होते, म्हणजे ते ‘लट्’ असे उच्चारले जाई. चिनीत ‘र’ नसल्यामुळे त्याच्या जागी ‘ल’ येणे स्वाभाविक होते. चौथ्या अक्षराचा आरंभ अभ्यासकांच्या मांडणीनुसार मूर्धन्य आणि महाप्राण, म्हणजे आपल्या ‘ठ’सारखा होता. हे चारही सलग वाचले की ‘महालट्ठ’ असा उच्चार होतो, आणि तो संस्कृत ‘महाराष्ट्र’पेक्षा प्राकृत ‘महारट्ठ’ या रूपाला कितीतरी जवळचा आहे. कानावर पडलेले नाव लोकांच्या तोंडचे असावे, असे यावरून अनुमान करता येते, आणि मराठी माणसाला यापेक्षा आनंदाची नोंद चिनी ग्रंथात क्वचितच मिळेल.

चौथे अक्षर खरोखर दुर्मीळ आहे. प्राचीन चिनी काव्यात ते हताश मनःस्थिती सांगणाऱ्या एका जोडशब्दात येते, आणि त्याबाहेर ते फारसे दिसत नाही. जपानमध्ये मात्र त्याला वेगळे भाग्य लाभले. साध्या, जुन्या, अपूर्ण वस्तूतले सौंदर्य जिच्यात मानले जाते त्या ‘वाबी’ या कल्पनेसाठी तेथे हेच अक्षर लिहितात.

संस्कृत आणि प्राकृत ध्वनी पकडण्याच्या या खटपटीतून चिनी लिपीला बरीच नवी अक्षरेही मिळाली. मंत्र आणि धारणी लिहिताना, येथे अर्थ नसून केवळ ध्वनी आहे हे कळावे म्हणून, परिचित अक्षराच्या डावीकडे ‘तोंडा’चा घटक जोडला जाई. ‘मार’ या बौद्ध असुराचे नाव आधी ‘दगड’ हा घटक असलेल्या अक्षराने लिहीत. पुढे दगडाच्या जागी ‘भूत’ हा घटक आला, आणि परंपरा या बदलाचे श्रेय ल्यांग घराण्याच्या सम्राट वू याला देते. ‘काषाय’ वस्त्रासाठीची दोन अक्षरे प्रारंभी ‘केस-लोकर’ या घटकाने लिहिली जात, नंतर तेथे ‘वस्त्र’ हा घटक बसला. परक्या शब्दाला कालांतराने असा अर्थसूचक घटक मिळाला, की तो चिनी वाचकाला परका वाटेनासा होई.

प्रश्न : ज्याला अर्थही नाही आणि उच्चारही नाही असे अक्षर असू शकते का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : असू शकते, आणि त्याचे उत्तम उदाहरण जपानमध्ये मिळते. तेथे १९७८ साली संगणकासाठी ६,३४९ चिनी अक्षरांचा पहिला प्रमाण संकेत तयार झाला, तेव्हा सरकारी याद्यांतून, विशेषतः गावांच्या आणि वस्त्यांच्या नावांतून, अक्षरे गोळा करण्यात आली. पुढे असे लक्षात आले की त्यांतली काही अक्षरे कोणत्याही कोशात किंवा ग्रंथात सापडत नाहीत. जपानी लोक त्यांना ‘भुताची अक्षरे’ म्हणतात. नव्वदच्या दशकात मूळ याद्या पुन्हा तपासण्यात आल्या आणि बहुतेकांचा उगम लागला.

त्यांतल्या एका अक्षरात वर ‘पर्वत’, खाली ‘स्त्री’ आणि दोहोंच्या मध्ये एक आडवी रेघ आहे. शिगा प्रांतातल्या एका स्थलनामात फक्त पर्वत आणि स्त्री यांचे अक्षर होते. यादी करणाऱ्यांकडे ते तयार नसल्यामुळे दोन अक्षरांचे कागदी तुकडे कापून एकाखाली एक चिकटवले गेले, आणि प्रत काढताना तुकड्याच्या कडेची सावली उमटली. पुढच्या लेखनिकाने तिला रेघ समजून नवे अक्षर घडवले. मोठ्या कोशांत शिरलेल्या कित्येक अक्षरांचे मूळ हाताने नकला करताना झालेल्या अशाच चुकांत असते. फरक इतकाच की येथे चुकीचा माग कागदापर्यंत लावता आला.

एका अक्षराचा उगम मात्र तपासणीतही निश्चित झाला नाही. त्यात डावीकडे ‘धनुष्य’ आणि उजवीकडे ‘थोरला भाऊ’ या अर्थाचे अक्षर आहे. युनिकोडमध्ये एकदा दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही, त्यामुळे भुताची ही सर्व अक्षरे आज जगभरच्या संगणकांवर आणि दूरध्वनींवर उमटवता येतात. एखाद्या मजकुरात असे अक्षर भेटले, तर त्याचा अर्थ शोधण्याआधी ते कोणत्या यादीतून आणि कोणत्या वर्षी आले हे पाहावे, म्हणजे बराच वृथा शोध वाचेल.