जपानमध्ये स्थानिक लोक स्वतः जिथे आवडीने खातात, अशी ठिकाणे कोणती?

पर्यटकांसाठी सजवलेली उपाहारगृहे टाळून तेथील माणसे रोज जिथे खातात त्या जागा सांगा, असे आपण विचारले आहे. तोक्यो आणि ओसाका येथील नावे आपल्याला कुठेही मिळतील, म्हणून मी शिकोकू बेटावरील कागावा या एकाच प्रांताबद्दल आणि तेथील उदोन या एकाच पदार्थाबद्दल लिहितो. नोकरीनिमित्त मी चार वर्षे ओकायामा शहरात राहिलो. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारले आहे, ती बाग याच शहरात आहे, त्यामुळे पुणेकरांना हे नाव परके नसावे. तेथून ‘मरीन लायनर’ ही रेल्वेगाडी 1988 साली खुल्या झालेल्या सेतो महापुलावरून समुद्र ओलांडून सुमारे तासाभरात कागावाची राजधानी ताकामात्सु येथे पोहोचवते. सुटीच्या दिवशी केवळ उदोन खाण्यासाठी मी हा प्रवास कितीतरी वेळा केला आहे.

उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाची जाड, पांढरी, लांब शेवई. कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधील सर्वांत लहान प्रांत असून तेथे पाऊस कमी पडतो. शेतीसाठी लोकांनी पूर्वापार हजारो तळी बांधली आहेत. भाताला पाणी कमी पडणाऱ्या या भागात गहू रुजला आणि, आपल्याकडे कोरडवाहू मुलखात ज्वारीची भाकरी जशी रोजच्या ताटात आली, तसा तेथे उदोन आला. इबुकी बेटाजवळ पकडून लगेच उकळून वाळवलेली छोटी मासळी, जिला इरिको म्हणतात, आणि शोदोशिमा बेटावरील सोया सॉस हे दोन्ही जिन्नस जवळच मिळत असल्यामुळे रस्साही तेथलाच झाला. आज बहुतेक पीठ ऑस्ट्रेलियातील गव्हाचे असते, तरी प्रांताने खास उदोनसाठी ‘सानुकी नो युमे 2000’ नावाचे गव्हाचे वाणही तयार केले आहे. सानुकी हे या प्रांताचे जुने नाव.

येथील लोक दुकान कसे निवडतात हे कळले, की कुठे जायचे याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. त्यांच्या दृष्टीने शेवई पाण्यातून बाहेर आल्यानंतरची पहिली काही मिनिटेच महत्त्वाची असतात. पीठ, पाणी आणि मीठ यांचा गोळा पायांनी तुडवून मुरवत ठेवतात, आणि मिठाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतात. जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा, की ऐन उन्हाळ्यात एक भाग मिठाला तीन भाग पाणी आणि थंडीत सहा भाग. जाड शेवई शिजायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, मग ती गार पाण्यात चोळून धुतात. त्यानंतर तिच्यात जो ताण असतो त्याला ‘कोशी’ म्हणतात. हा चिवटपणा नव्हे. दात सहज आत जातो आणि शेवटच्या क्षणी शेवई किंचित प्रतिकार करते. अर्धा तास पडून राहिली की हा गुण जातो. म्हणून तेथील माणूस दुकानाच्या नावाइतकीच नवा घाणा कधी निघतो याची माहिती ठेवतो, आणि म्हणूनच उत्तम दुकाने सकाळी उघडून दुपारी दोनच्या आत, किंवा शेवई संपेल तेव्हा, बंद होतात. माझ्या पहिल्या फेरीत मी निवांतपणे दीड वाजता एका खेडेगावातील दुकानापाशी पोहोचलो, तेव्हा दारावर ‘आजचे संपले’ अशी पाटी लागलेली होती. त्यानंतर मी कायम सकाळची गाडी पकडली.

साकाइदे येथील ‘गामो’ हे माझे सर्वांत आवडते दुकान. कामोगावा स्थानकावरून चालत जाता येते. आत जागा थोडी असल्यामुळे लोक बाहेरच्या बाकांवर भातशेतीकडे तोंड करून खातात, आणि वाडग्यावर तळलेल्या तोफूचा गोडसर, मोठा तुकडा ठेवतात, तो मुळीच चुकवू नये. आयागावा येथील ‘यामागोए’ येथे ‘कामातामा’ हा प्रकार जन्माला आला: कढईतून थेट काढलेली, न धुतलेली गरम शेवई कच्च्या अंड्यात घोळवायची आणि वरून सोया सॉस घालायचा. रांग लांब दिसली तरी परतू नये. कोणी गप्पा मारत बसत नाही, दहा मिनिटांत वाडगा रिकामा होतो. झेन्त्सुजी येथील ‘नागाता इन कानोका’ येथे शेवई उकळीच्या पाण्यासकट टबात येते आणि गरम रस्सा उंच मातीच्या सुरईतून स्वतः ओतून घ्यायचा असतो; तो रस्सा मला साऱ्या प्रांतात श्रेष्ठ वाटतो. गाडी नसेल तर ताकामात्सु शहरातच, रित्सुरिन बागेपासून जवळ, ‘चिकुसेई’ आहे. तेथे अर्धवट उकडलेल्या अंड्याचे तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली जपानी भजी, समोर तळून देतात.

बहुतेक ठिकाणी वाढपी नसतो. दारात ताट घ्यायचे, ‘शो’ म्हणजे एक गुंडी किंवा ‘दाई’ म्हणजे दोन गुंड्या असे सांगायचे, मिळालेली शेवई जाळीच्या डावात घालून उकळत्या पाण्यात स्वतः काही सेकंद बुडवायची, टाकीच्या तोटीतून रस्सा घ्यायचा आणि पातीचा कांदा, किसलेले आले, तेंपुऱ्याचा चुरा आवडीप्रमाणे घालायचा. वाटेत मांडलेली तेंपुरा उचलायची, पैसे द्यायचे, खाऊन झाल्यावर वाडगा नेऊन ठेवायचा. भाषा येत नसेल तर पुढच्या माणसाकडे पाहून तेच करावे. कोणी रागावत नाही, उलट मला अनेकदा शेजारच्या आजीबाईंनी हात धरून शिकवले. साधा वाडगा साधारण तीनशे-चारशे येनला मिळतो. काही ठिकाणी मुळात शेवई बनवण्याचा कारखानाच असतो आणि चार बाक टाकून दुपारी थोडाच वेळ खायला देतात. अशा एका कारखान्यात मला पातीचा कांदा कापण्यासाठी कात्रीच हाती मिळाली होती. गावोगावची दुकाने एकट्याने शोधणे अवघड वाटले तर कोतोहिरा येथून ‘उदोन टॅक्सी’ मिळते. तिच्या छपरावर वाडग्याची प्रतिकृती असते आणि चालकांना उदोनविषयीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

आपण शाकाहारी असल्यास एक गोष्ट आधीच माहीत असावी. पारदर्शक दिसणारा तो रस्सा इरिकोचा, म्हणजे मासळीचा असतो, आणि बाटलीतील सोया सॉसमध्येही पुष्कळदा तोच अर्क मिसळलेला असतो. अशा वेळी ‘किजोयु’ मागावे, म्हणजे केवळ निव्वळ सोया सॉस, सोबत किसलेला मुळा आणि सुदाची या लिंबाची फोड. तरीही बाटलीत ‘दाशी’, म्हणजे असा मासळीचा अर्क, आहे का, हे विचारून खात्री करून घ्यावी. माझी आई भेटीला आली तेव्हा तिने गार धुतलेली शेवई अशीच खाल्ली, आणि चकोल्या करणाऱ्या तिच्या हातांना त्या पिठाचे कौतुक इतके वाटले, की पीठ किती वेळ मुरवता हे तिने मला दुकानदाराला विचारायला लावले.