विष करतो, पण विषाणू नव्हे

‘डबाबंद भाज्यांतून बोट्युलिझमच्या विषाणूची लागण’ हे वाक्य बरोबर आहे का, असं एका वाचकताईंनी विचारलं आहे. बोट्युलिझम म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा. त्या वाक्यातले दोन शब्द बदलायला हवेत: विषाणू आणि लागण.

‘विषाणू’ हा शब्द व्हायरससाठी आहे. लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, त्यामुळे शब्द नेमका जुळला. पण जो विष तयार करतो तो विषाणू, असं वाचणाऱ्याला सहज वाटून जातं आणि तिथेच गल्लत होते. बोट्युलिझमचं विष तयार करणारा क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू आहे, म्हणजे बॅक्टेरिया. तो हवाबंद जागी वाढतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण काळात तग धरणारं त्याचं सुप्त रूप, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, म्हणून आंबट नसलेले पदार्थ डबाबंद करताना वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात.

आता लागण. जिवाणू डब्यातच विष करून ठेवतो आणि आपण ते तयार विष खातो. एकाचं दुसऱ्याला होत नाही. म्हणून ‘डबाबंद भाज्यांतून बोट्युलिझमची विषबाधा’ असं लिहावं. तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी: त्यांच्या आतड्यात बीजाणू रुजतात आणि विष तिथेच तयार होतं. तिथे ‘लागण’ चालेल. मधात हे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आपल्याकडे ही चाल अजून आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

बोट्युलिझम हे नाव ‘बोट्युलस’वरून आलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सॉसेज. जर्मनीत व्युर्टेंबर्गमध्ये युस्टिनुस केर्नर या कवी-डॉक्टरांनी १८२० च्या सुमारास सॉसेज खाऊन दगावलेल्यांची लक्षणं बारकाईने टिपली. गंमत म्हणजे, जिवाणू सापडला तो हॅममध्ये. १८९५ साली बेल्जियममधल्या एलेझेल गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांना हॅम बाधलं आणि जिवाणूशास्त्रज्ञ एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यातून तो वेगळा काढला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ‘बोट्युलिनम’ हे नाव कुळावरून नाही, कामावरून, म्हणजे हे विष करण्यावरून दिलेलं आहे. आपल्याकडे दोन गावचे कुलकर्णी एका कुळातले असतीलच असं नाही. वतन सारखं, म्हणून आडनाव सारखं. तसंच हे. बोट्युलिनमचे जे गट पाडतात, ते जनुकांच्या दृष्टीने एकमेकांपासून इतके लांब आहेत की एरवी त्यांना वेगळ्या जाती म्हटलं असतं. चौथ्या गटाला तर क्लोस्ट्रिडियम अर्जेंटिनेन्स असं वेगळं नाव दिलंच आहे. उलट पहिल्या गटाचा अगदी सख्खा भाऊ म्हणावा असा क्लोस्ट्रिडियम स्पोरोजेनीस सहसा हे विष करत नाही, म्हणून त्याचं नाव वेगळं. डबाबंद अन्न पुरेसं तापलं की नाही हे तपासायला बोट्युलिनमऐवजी त्यालाच वापरतात.

आणि वतन परक्या घरातही जातं. क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकमच्या काही वाणांकडे विषाचं जनुक असतं. १९९६ साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेतली ३४ मुलं आजारी पडली, तीन दगावली. संशय शेवेवर आणि याच जिवाणूवर होता. धनुर्वाताचा क्लोस्ट्रिडियम टेटानी हाही याच प्रजातीतला. दोघांची विषं एकाच घडणीची, पण धनुर्वातात शरीर धनुष्यासारखं ताठरतं आणि बोट्युलिझममध्ये स्नायू लुळे पडतात.

मग विषाणूचा इथे काहीच संबंध नाही का? एका ठिकाणी आहे. बोट्युलिनमच्या विषाचे ए, बी, सी असे प्रकार करतात. त्यातल्या, मुख्यतः गुरं आणि पक्ष्यांना बाधणाऱ्या सी आणि डी प्रकारांत विषाचं जनुक जिवाणूत शिरलेल्या एका विषाणूकडे असतं. तो विषाणू गमावला तर तोच जिवाणू विष करू शकत नाही. तुमच्या वाक्यातल्या भाज्यांशी मात्र त्याचा संबंध नाही. तिथे ‘विषाणू’ नकोच.