एरर झाकू नका, त्याचा माग काढा

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवण्यासाठी मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहितो आहे. इंटरप्रिटरमध्ये तो चालवला की ‘ट्रेसबॅक’ने सुरू होणाऱ्या दहा-बारा ओळी येत असत (फोटो सोबत जोडला आहे). मी बेरजेचा सगळा लूप ‘ट्राय’मध्ये घातला आणि ‘एक्सेप्ट’खाली नुसते ‘पास’ लिहिले. एरर थांबला, पण एकूण जमा पासबुकाशी जुळत नाही. काय चुकले? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमचा एरर जागच्या जागी आहे, ‘पास’मुळे (म्हणजे ‘काहीही करू नका’) तो दिसेनासा झाला, एवढेच. अडचणीची पहिली रक्कम आली की प्रोग्राम लूपमधून थेट बाहेर पडतो आणि तिच्यापुढच्या फ्लॅटच्या रकमा बेरजेत येतच नाहीत.

तो ‘ट्राय’ आधी काढून टाका आणि ट्रेसबॅक, म्हणजे एररपर्यंत कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले (‘कॉल’ केले) त्याची यादी, खालून वर वाचा. पायथन सर्वांत अलीकडचा कॉल सर्वांत खाली छापतो (जावामध्ये तो वर असतो), आणि अगदी शेवटच्या ओळीत एररचा प्रकार व कारण देतो. २०२२ साली आलेल्या ३.११ आवृत्तीपासून तर ओळीतल्या नेमक्या भागाखाली खुणाही उमटतात. तुमच्या फोटोत तळाशी ‘व्हॅल्यूएरर’ आणि अवतरणचिन्हांत ‘१,५००’ स्पष्ट दिसते. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या ‘इंट’ला स्वल्पविराम चालत नाही, तो आधी काढून मग रूपांतर करा. (देवनागरी आकडे मात्र चालतात : ‘१५००’ हा मजकूर पायथन बिनतक्रार पंधराशे म्हणून वाचतो. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना ही सोय माहीत असायला हवी.)

इंटरप्रिटरचा खरा उपयोग याच्या पुढे आहे. ट्रेसबॅक छापल्यावर तीन बाणांची खूण पुन्हा हजर होते, आणि एरर आला त्या क्षणी फंक्शनच्या आत जी व्हेरिएबल्स होती, तीही जपून ठेवलेली असतात. ‘पीडीबी’ हे पायथनसोबतच येणारे, चुका शोधण्याचे मॉड्यूल इंपोर्ट करून त्यातले ‘पीएम’, म्हणजे पोस्टमॉर्टेम, हे फंक्शन चालवा. तुम्ही अडलेल्या ओळीवरच पोहोचता. तिथे ‘पी’ लिहून पुढे व्हेरिएबलचे नाव दिले की कोणत्या फ्लॅटची नोंद हाती होती ते कळते, आणि ‘यू’ लिहिले की हे फंक्शन जिथून बोलावले होते तिथे जाता येते.

‘एक्सेप्ट’ ठेवायचाच असेल, तर तो रूपांतराच्या एका ओळीभोवती आणि फक्त ‘व्हॅल्यूएरर’साठी ठेवा, आणि त्यात फ्लॅट क्रमांक छापा. प्रकार न सांगता लिहिलेला ‘एक्सेप्ट’ प्रोग्राम थांबवण्यासाठी दाबलेले कंट्रोल-सीसुद्धा गिळतो. हे शेजाऱ्यांचे पैसे आहेत. एकही रक्कम गुपचूप गळता कामा नये.

प्रश्न : फाइल दुरुस्त करून पुन्हा इंपोर्ट केली, तरी तोच एरर येतो, आणि ट्रेसबॅकमध्ये भलतीच ओळ दिसते. – एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : एकदा लोड झालेले मॉड्यूल दुसऱ्या इंपोर्टने बदलत नाही. चालतो आहे तो जुना कोड. मात्र ओळीचा मजकूर छापतेवेळी फाइलमधून वाचला जातो, म्हणून जुना क्रमांक आणि नवा मजकूर अशी जोडी जमते. ‘इंपोर्टलिब’मधील ‘रीलोड’ वापरा. पण ‘फ्रॉम … इंपोर्ट’ने आणलेली फंक्शन्स त्यानंतरही जुनीच राहतात; तसे असेल तर इंटरप्रिटर बंद करून नव्याने सुरू करा.