इंटिग्रेशनमध्ये सब्स्टिट्यूशन करताना यू नेमकं काय धरायचं?

ज्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह त्याच इंटिग्रलमध्ये बाजूला गुणाकारात दिसतंय ते फंक्शन यू धरायचं, बहुतेक वेळा ते कंसात, रूटखाली नाहीतर घातांकात बसलेलं असतं. कारण सब्स्टिट्यूशन म्हणजे उलटा चेन रूल, तिथे आतल्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह बाहेर गुणाकारात येतं ना, तेच आपण इथे हुडकतोय.

समजा एक्स गुणिले, कंसात एक्स वर्ग अधिक १, कंसाचा घन, आणि लिमिट ० ते २. यू म्हणजे एक्स वर्ग अधिक १ धरलं की डीयू येतो २ एक्स डीएक्स, आपल्याकडे नुसतं एक्स डीएक्स आहे म्हणजे डीयूचा अर्धा, नुसता २ कमी पडला तर चालतं कारण तो स्थिरांक आहे, पण एक्सच गायब असता तर तो बाहेरून आणून घुसवता येत नाही, ही चूक फार होते. आता लिमिट बदला! एक्स ० ते २ जातो तेव्हा यू १ ते ५ जातो, यूच्या घनाचं इंटिग्रल यूचा चौथा घात भागिले ४, त्याचा अर्धा म्हणजे भागिले ८, म्हणून ६२५ वजा १, भागिले ८, उत्तर ७८. जुनीच लिमिट ठेवली तर चक्क २ येतं.

फक्त ही युक्ती सगळीकडे चालत नाही, एक्स गुणिले साइन एक्स असेल तर बाय पार्ट्सच, म्हणजे गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची वेगळी पद्धत, लागतं, आणि ईचा एक्स वर्ग घात एकटाच असेल, बाजूला एक्स नसेल, तर त्याचं उत्तर नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही, तिथे यू शोधत बसू नका.