वाचकांचे सवाल: कॅचरला फोन कधी येतो?

प्रश्न: काका, आम्ही परभणीचे. लेक अकरावीला आहे, शाळेपासून सॉफ्टबॉल खेळतो, कॅचर आहे, म्हणजे क्रिकेटमधल्या कीपरसारखा. दोन महिन्यांपासून मोबाइलवर अमेरिकेचं बेसबॉल बघायलाय आणि म्हणायलाय की तिकडं एरिक क्रॅट्झ नावाचा कॅचर तिसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये गेला. मी म्हणलं तोवर काय माशा मारत होता का, तर रुसून बसला. अंगठा सारखा सुजलेला असतो, मी हळद लावते. खरंच एवढा वेळ लागतो का? पोराला आडवू का खेळू देऊ?

उत्तर: ताई, पोरगं खरं बोलतंय. क्रॅट्झला 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, 29व्या राउंडला घेतलं, म्हणजे पंगतीत शेवटी शेवटी पान मिळालं म्हणा, आणि मोठ्या लीगमधली पहिली मॅच 2010 ला, पिट्सबर्गकडून. मधली आठ वर्षं मायनर लीग, म्हणजे मोठ्या टीमच्या हाताखालच्या टीमची लीग. तिथं पायऱ्या असतात, रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि चढलेला माणूस खालीही येतो.

आता कॅचरलाच एवढं का थांबावं लागतं, तर मोठ्या टीममध्ये 26 खेळाडू, त्यात कॅचर बहुतेक दोनच. धोनी असताना दिनेश कार्तिकचं काय झालं ते आपण बघितलंच ना, तसंच. वरच्याच्या बोटाला लागलं की खालच्याला फोन, तो बरा झाला की हा परत बॅग भरून खाली. दुसरं म्हणजे कॅचरचं काम नुसतं बॉल धरायचं नाही, कुठल्या बॅटरला कुठला बॉल टाकायचा हे बऱ्याचदा तोच सांगतो, आपल्या प्रत्येक पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, बॉल कसा वळतो, कोण दबावात गडबडतो हे त्याला पाठ पाहिजे, आणि हे सगळं उकिडवं बसून, एका मॅचमध्ये शंभरच्या वर वेळा, समोरून दीडशेच्या स्पीडचा बॉल येत असताना. म्हणून मुरलेला कॅचर तिशीतही कामाचा असतो. क्रॅट्झ पहिल्यांदा प्लेऑफ, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या, खेळला ते 2018 ला, 38व्या वर्षी! क्रिस कोस्ट म्हणून आणखी एक कॅचर, 33व्या वर्षी फिलाडेल्फियाकडून आत गेला आणि दोन वर्षांनी त्याच टीमनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची फायनल, जिंकली.

पण पोराला पैशाचंही सांगा, ते रीलमध्ये येत नाही. 2023 च्या आधी ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे अगदी वरच्या पायरीवर, वर्षाचा किमान पगार 17,500 डॉलर होता. रुपयात मोजून हुरळू नका, घरभाडं पण डॉलरमध्येच. मायनर लीगच्या खेळाडूंची युनियन झाली आणि 2023 ला तो 35,800 झाला. मोठ्या लीगमध्ये त्याच वर्षी किमान 7,20,000. म्हणजे एका पायरीत वीसपट फरक, म्हणूनच माणसं सोडून जात नाहीत, आपल्याकडं एमपीएससीची पोरं अजून एक अटेम्प्ट म्हणत संभाजीनगरात रूम करून राहतात तसं.

भारतातून गेलंय का कोणी, हे पोरगं विचारीलच. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, दोघं उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले, 2008 च्या टीव्ही स्पर्धेतून पिट्सबर्गनं घेतले. दोघंही पिचर, मोठ्या लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, रिंकू पुढं कुस्तीच्या शोमध्ये गेला.

मला विचाराल तर आडवू नका. अमेरिकेचं राहू द्या बाजूला, पण भर उन्हात मास्क घालून धुळीत बसायची हौस ज्याला आहे त्याचं अभ्यासातही बूड टिकतं असा माझा अनुभव आहे, आमच्या गल्लीत उलटी उदाहरणंही आहेत म्हणा. बारावी नीट होऊ द्या, आणि स्पर्धांची सर्टिफिकेटं फाइलला लावून ठेवा, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यात कुठल्या स्पर्धेचं चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि अंगठा. ग्लव्हमधला सुजतो का रिकाम्या हाताचा? रिकाम्या हाताचा असेल तर बॉल येताना तो हात पुढं राहतोय, बॅटला चाटून आलेला बॉल तिथंच बसतो. बेसवर, म्हणजे पळायच्या टप्प्यांवर, समोरच्या टीमचं कोणी नसेल तेव्हा तो हात पाठीमागं ठेवायला सांगा. ग्लव्हमधला असेल तर बॉल जाळीत न येता अंगठ्यावर येतोय, कोचला दाखवा. हळद लावा, पण एकदा एक्स-रे पण काढून घ्या.